मेंढ्या पलीकडे, आम्ही अलीकडे

ज्याला प्राण्यांची सेवा करायची हौस असते, त्याच्या हातात पहिल्या दिवशी दगड देतात. नॉर्थ रोनाल्डसेवर शेवटच्या दिवशीही दगडच देतात.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा सत्तरेक बेटांचा पुंजका आहे. त्यातलं हे सगळ्यात उत्तरेचं बेट. लांबी पाचेक किलोमीटर, माणसं साठेक, झाडं जवळजवळ नाहीतच आणि मेंढ्या हजारोंनी. २०१६ पासून इथे उन्हाळ्यात मेंढ्यांचा उत्सव भरतो आणि त्याला लांबलांबून स्वयंसेवक येतात. उत्सवाच्या नावात मेंढ्या आहेत, कामात मात्र दगड. हळदीकुंकवाला बोलावून विम्याची पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या बायका मी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे मला फार धक्का बसला नाही.

मी ग्लासगोत राहते, मूळची कुडाळची. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि घरात माझं ऐकणारं कुणी उरलं नाही. नवऱ्याने सुचवलं, कुत्रा आणू या. मी म्हटलं, एकच प्राणी कायमचा नको, पुष्कळ प्राणी थोड्या दिवसांसाठी हवेत. त्याने लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरचा त्याचा नेहमीचा चेहरा केला आणि तिकीट काढून दिलं. कर्कवॉलहून बेटावर जाणारं विमान आठ प्रवाशांचं. नशीब असेल तर पायलटच्या शेजारची जागा मिळते. मला मिळाली. तिथे बसून समोरची बटणं बघत राहण्यापेक्षा मागे बसून देवाचं नाव घेणं जास्त शहाणपणाचं, एवढं माझं मत झालं.

आता या मेंढ्यांची भानगड. जगात सगळीकडे कुंपण घालतात ते मेंढ्या आत राहाव्यात म्हणून. इथे अख्ख्या बेटाभोवती, किनाऱ्याला लागून, सुमारे २१ किलोमीटरचा पुरुषभर उंचीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे, आणि तो आहे मेंढ्या बाहेर राहाव्यात म्हणून. एके काळी ऑर्कनीतले लोक केल्प, म्हणजे समुद्रातलं दांडगं शेवाळ, जाळून त्याची राख विकत. काच आणि साबण करायला ती लागायची. पुढे स्वस्त पर्याय आले आणि धंदा बसला. तेव्हा जमीनदाराला आठवलं की आपल्याकडे जमीनही आहे. १८३२ मध्ये हा गडगा उभा राहिला. आतलं गवत गाईंना आणि पिकांना, बाहेरचा खडक मेंढ्यांना, अशी वाटणी झाली. आमच्या कोकणात भावाभावांत झालेल्या वाटण्या मी पाहिल्यात. एवढी एकतर्फी वाटणी कुणी मान्य केली नसती, दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

मेंढ्या कोर्टात गेल्या नाहीत. त्या शेवाळ खाऊ लागल्या. ओहोटी लागली की खडकांवर उतरायचं, केल्प ओरबाडायचं, भरती आली की वर येऊन रवंथ करत बसायचं. चोवीस तासांचं त्यांचं वेळापत्रक सूर्यावर नाही, समुद्रावर चालतं. बाकीच्या जगातल्या मेंढ्या हिवाळ्यात वाळतात, या हिवाळ्यात बाळसं धरतात, कारण वादळं ढिगाने शेवाळ किनाऱ्यावर आणून टाकतात. आणि आता गंमत अशी की गवत त्यांना मानवत नाही. शेवाळात तांबं फार कमी असतं, म्हणून त्यांच्या शरीराने कणन् कण धरून ठेवायची सवय लावून घेतली. तीच मेंढी गवतावर फार दिवस राहिली, तर अंगात तांबं साठून विषबाधा होते. तरी व्यायलेल्या मेंढ्यांना आणि कोकरांना वसंतापासून साधारण ऑगस्टपर्यंत आत घेतात. पुढे त्यांनाही बाहेर काढतात, आणि त्यांच्या भल्यासाठीच काढतात. माणसाने एखाद्याला घराबाहेर काढावं आणि दोनशे वर्षांनी ते त्याच्या भल्याचं ठरावं, असं नशीब फार थोड्या जमीनदारांचं असतं.

या सगळ्या कारभारासाठी बेटावर ‘शीप कोर्ट’ आहे. मी मनात पिंजऱ्यात उभी असलेली मेंढी रंगवून गेले होते. प्रत्यक्षात ती बेटावरच्या माणसांची समिती. कुणी किती मेंढ्या ठेवायच्या, कधी गोळा करायच्या, हे ती ठरवते. पूर्वी गडग्याचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला असे, पडला की ज्याचा त्याने उभा करायचा. आता वादळं तेवढीच आहेत आणि माणसं साठ, त्यातली बरीचशी उतारवयाची. म्हणून आम्ही.

आमच्या तुकडीवर एक म्हातारेबाबा नेमलेले होते. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: दोन दगडांवर एक दगड, एका दगडावर दोन, चुना नाही, सिमेंट नाही, फटी राहू दे, वारा त्यातून जाऊ दे, आणि एकदा उचललेला दगड खाली टाकायचा नाही, त्याची जागा शोधायची. शेवटचा नियम ऐकायला तत्त्वज्ञानाचा वाटतो. दहा किलोचा दगड पोटाशी धरून, अटलांटिकच्या वाऱ्यात, त्याची जागा शोधत उभं राहिलं की तत्त्वज्ञान कंबरेतून जातं. मी नाकारलेला प्रत्येक दगड बाबा न बघता उचलायचे आणि ठेवायचे. तो बसायचा. ते पाहून वाटायचं, दगडही माणूस बघून वागतात.

एका दुपारी मी कुडाळला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी आयुष्यभर जांभ्याचे गडगे घातलेत. मी कौतुकाच्या अपेक्षेने फोन भिंतीवरून फिरवला. पलीकडून आवाज आला, “लांब बाजू भितुर घाल गो! लोकांका दाखवूक गडगो घालतत काय?” बाबांनी विचारलं, ते काय म्हणतात? मी भाषांतर करून सांगितलं. बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं, म्हणजे माझ्या फोनकडे. ते गेले दोन दिवस हेच सांगत होते. मग त्या दोघांनी माझ्या भिंतीचा एकेक दगड घेऊन चर्चा केली. एकजण मालवणीत बोलत होता, दुसरा ऑर्कनीच्या इंग्रजीत, जी इंग्रजी आहे यावर माझा विश्वास बसत नाही. मधल्या भाषांतराची गरज दोघांनाही पडली नाही. सगळे मुद्दे माझ्याविरुद्ध होते आणि एकमताने मंजूर होत होते. फोन ठेवता ठेवता काका म्हणाले, “आणि आपलो गडगो तीन पावसाळे पडान आसा, तो कोण घालतलो?” हे मी बाबांना सांगितलं नाही.

प्राणी मिळाले नाहीत असं नाही. गडग्याच्या फटीत फुल्मर पक्ष्याची पिल्लं बसलेली असतात. गुबगुबीत, पांढरी, भोळी. जवळ गेलं की पोटातलं कुजकट तेल पिचकारीने अंगावर उडवतात, दीड-दोन मीटरवर नेम धरून. तो वास कपड्यातून जात नाही, हे सगळे पुस्तकातून सांगतात. इंग्लंडहून आलेल्या एका निसर्गप्रेमी तरुणाने ते प्रत्यक्ष सिद्ध केलं. त्या रात्रीपासून जेवताना त्याला टेबलाचं एक टोक पूर्ण मोकळं मिळालं. मोठ्या मनाचा मुलगा. म्हणाला, पिल्लाची चूक नाही. त्याच्या शेजारी बसून हे ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

खऱ्या मेंढ्या भेटल्या त्या लोकर कापायच्या दिवशी. भरती पाहून दिवस ठरतो, कारण पाणी वर आलं की किनारा अरुंद होतो आणि मेंढ्यांना पळायला जागा कमी उरते. काका अजून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. इथे स्वयंपाकघरात छापील तक्ता टांगलेला असतो. आम्हा स्वयंसेवकांना हात पसरून एका रांगेत उभं केलं आणि सांगितलं, हळूहळू पुढे सरका, मेंढ्या आपोआप दगडी कोंडवाड्यात जातील.

आपल्याकडे विचार न करता एकामागून एक जाणाऱ्यांना मेंढरं म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याला या मेंढ्या दाखवायला हव्यात. प्रत्येकीचं मत वेगळं होतं. एक खडकावर चढली, दुसरीने पाण्यात पोहून आमची रांग ओलांडली, आणि शिंगं असलेला एक मेंढा माझ्याकडे असा बघत राहिला की मीच बाजूला झाले. त्यातून जी फट पडली, ती बुजवायला शेजारची बाई धावली, तिची फट बुजवायला तिचा नवरा धावला, आणि पाहता पाहता सगळी रांग एका टोकाला जाऊन गोळा झाली. गोळा आम्हीच झालो होतो. बेटावरच्या लोकांनी आम्हाला शांतपणे परत पसरवलं. त्यांना त्याची सवय दिसली.

कातरताना मला एक मेंढी धरायला दिली. जेमतेम पंचवीस किलोची, काळपट करडी. आडव्या बाहुलीच्या त्या डोळ्यांत मी आपुलकी शोधली. तिथे फक्त पुढच्या ओहोटीची वेळ होती. लोकर दीपगृहाशेजारच्या गिरणीत जाते. हे दीपगृह जमिनीवर उभ्या असलेल्या ब्रिटनमधल्या दीपगृहांत सर्वांत उंच, ४२ मीटर. बांधलं ॲलन स्टीव्हन्सनने, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनच्या काकांनी. काकालोकांना बांधकामातलं कळतं, हे मला तिथे पुन्हा पटलं.

संध्याकाळी मटण होतं. रंगाने गडद, चवीला दणकट. मी पर्समधून मालवणी मसाल्याची पुडी काढली तेव्हा टेबलावर शांतता पसरली. बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ते प्रत्येकाचा गडगा तपासायला आले. मला वाटलं, शाबासकी देतील. बाबा भिंतीवर तळहात टेकत, जरा दाब देत आणि एका महिन्याचं नाव घेत. भिंत वादळात कधी पडणार, त्याचा तो अंदाज. शेजारच्या जर्मन जोडप्याला त्यांनी ‘मार्च’ दिला. ते दोघं एकमेकांना मिठी मारून हसले. माझ्या भिंतीपाशी बाबा थोडे जास्त वेळ थांबले.

“जानेवारी,” ते म्हणाले.

“फेब्रुवारी तरी म्हणा,” मी म्हटलं.

ते मागे फिरले, वरचा एक दगड काढून आडवा केला, लांब बाजू आत घातली, पुन्हा हात टेकवून पाहिला.

“फेब्रुवारी,” ते म्हणाले. “पण लीप वर्षातला नव्हे.”