रुंद डिस्कवाल्या वस्तादांस, सा. न. वि. वि.

माननीय वस्ताद,

आमच्या भाच्याच्या बोलेरोच्या चारही डिस्क तुम्ही रुंद करून दिल्यात, त्याबद्दल आधी अभिनंदन. कंपनीची सहा इंची डिस्क आठ इंची करायला तुम्हाला एक दुपार पुरली. मी तिथेच स्टुलावर बसून होतो. ग्राइंडरनं रिम गोल चिरलीत, बाहेरचा काठ सुटून फरशीवर गरगरत गेला, मधे दोन इंची पट्टी वाकवून बसवलीत, चार ठिकाणी टाके मारलेत, पट्टी जिथं बसेना तिथं हातोडीनं तिची समजूत काढलीत, आणि मग सलग वेल्डिंग. गार झाल्यावर उंचवटे घासले, खळग्यांत पुट्टी भरली, वर सिल्व्हर स्प्रे. मोजपट्टी मला एकदाच दिसली. पोरगा तिनं पाठ खाजवत होता.

भाच्याचीही बाजू ऐका. त्यानं आधी टायर घेतले, मग विचार केला. ३१×१०.५ आर १५ हा टायर सात ते नऊ इंच रुंदीच्या रिमवर बसवायचा असतो. सहा इंचीवर नाही. नव्या रुंद डिस्क बाजारात मिळतात, पण त्यांना पैसे पडतात. टायर परत करावेत, तर रील आधीच टाकून झालेली. अशा पेचात सापडलेल्या तरुण पिढीला तुमच्याशिवाय वाली कोण?

कंपनीवाल्यांची मला खरंच कीव येते. पोलादी पट्टी गोल वळवायची, तिची टोकं जोडायची, मग रोलरमधून काढत काढत तिला घाट द्यायचा: टायरचा काठ बसतो ती जागा, कमी हवेतही तो काठ घसरू नये म्हणून ठेवलेला बारीक उंचवटा, मधली खोलगट वाट. तबकडी वेगळी दाबून काढायची आणि आत बसवून वेल्ड करायची. एवढं करूनही त्यांचा स्वतःवर विश्वास नाही. नव्या नमुन्याचं चाक यंत्राला जखडून त्याच्यावर वळणात येतो तसा वाकवणारा जोर फिरवत राहतात, दुसरं चाक टायरसकट फिरत्या ड्रमवर जास्तीच्या वजनानं दाबून धरतात, आणि लाखो फेऱ्यांनंतर तडा शोधत बसतात. तुम्ही हे सगळं वाचवलंत. चाचणी भाचाच करणार आहे, खंबाटकी घाटात, मागच्या सीटवर माझी बहीण बसलेली असताना.

हिशेब मी सहज केला. बोलेरोचा मूळचा टायर २१५/७५ आर १५, म्हणजे उंची सुमारे ७० सेंटिमीटर. तो किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेतो. नवा टायर थोडे कमी घेईल, चारशेच्या आसपास धरा. पुणे-कोल्हापूर एकदा जाऊन यायचं म्हणजे पावणेदोन लाखांच्या पुढे. प्रत्येक फेऱ्यात तुमच्या वेल्डचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा मोकळा होतो. पोलाद असल्या गोष्टी मनात ठेवतं. वेल्डच्या कडेला, जिथं धातू तापून निवलेला असतो आणि जाडी एकदम बदलते, तिथंच तडा आधी केसाएवढा सुरू होतो. पत्र्याची जाडी ती काय, दोन-तीन मिलिमीटर.

इथे तुमच्या पुट्टीला दाद द्यावीच लागेल. तो केस दिसायला नको म्हणूनच ती असते ना? तीन डब्यांची डाय टेस्ट असते: एकानं साफ करायचं, दुसऱ्यानं लाल रंग मुरू द्यायचा, तिसऱ्यानं पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर लाल रेघ वर येते. पण उघड्या धातूवर. पुट्टीवर बिचारी पावडर काय दाखवणार?

बॅलन्सिंगवाल्याच्या यंत्रावर चारही डिस्कना शून्य आलं, म्हणून भाच्यानं पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. वजनाचा तोल शिशानं सांभाळता येतो, वस्ताद. वेल्डच्या उष्णतेनं ओढली गेलेली रिम शिशानं गोल होत नाही. डायल गेज लावून चाक एकदा हातानं फिरवलं असतं तर काटा किती नाचतो ते दिसलं असतं. बहुधा म्हणूनच लावला नाही.

शिवाय दोन इंचांची वाढ तुम्ही सगळी बाहेरच्या बाजूला दिलीत. त्यामुळे चाकाचा मध्य एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, बाहेर सरकला. बेअरिंगवर तेवढ्या लांबीचा जास्तीचा रेटा बसतो आणि खड्डा आला की स्टीअरिंग हातातून ओढून घ्यायला बघतं. ट्रॅक्टरवाले चाकांतलं अंतर वाढवतात ते डिस्क उलटी लावून. ती सोय बनवणाऱ्यानंच ठेवलेली असते आणि तिथं ग्राइंडर लागत नाही. पण ट्रॅक्टरवाल्यांना शौक कमी.

टायर उंच झाल्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८९-९०ला असते, हा तर बोनस. स्टेपनी जुनीच ठेवलीत. पंक्चर झालं की एक चाक आठ सेंटिमीटरनं बुटकं. चालेल, तो रस्ता तसाही सपाट नाही.

आता कायदा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ बदलून त्यात उपकलम (४) आलं: परवानगीबाहेर गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दर बदलामागे पाच हजार दंड, नाहीतर दोन्ही. चार डिस्क म्हणजे बदल एक धरायचा की चार, हे वकिलाला विचारणार आहे. ऑस्ट्रेलियात तर मधली तबकडी जोडणाऱ्या वेल्डखेरीज रिमला दुसरा गोल वेल्ड असलेलं चाक रस्त्यावर चालूच देत नाहीत. तुम्ही तिकडे जन्मला नाहीत हे आमचं भाग्य.

पण त्या उपकलमात एक गोष्ट मला खटकली. शिक्षा मालकाला. ज्यानं ग्राइंडर चालवला, पट्टी वाकवली, टाके मारले, त्याचा तिथं उल्लेखच नाही! आणि तुम्हीही फार संकोची. डिस्कवर कंपनीचा ठसा तसाच आहे: आपला मापाचा आकडा सांगत. आठ इंची चाक छातीवर सहाचा बिल्ला लावून हिंडतंय, कारण तुमचा स्प्रे त्या ठशावर नीट बसला नाही. कंपनीनं आपल्या कामाखाली सही केली, आणि तुम्ही तिच्या सहीखाली आपलं काम खपवलंत.

तेव्हा विनंती अशी. नवा ठसा मारा. रुंदी आठ इंच, काम केल्याची तारीख, वेल्ड कोणत्या रॉडनं, किती वजनापर्यंत तुम्ही हमी घेता, आणि शेवटी तुमचं पूर्ण नाव. पंचेस बाजारात सेटमध्ये मिळतात, खर्च मी देतो. सोबत पक्कं बिल पाठवा, जीएसटीसह, त्यावर ‘डिस्क कापून पट्टी घालून रुंद केली, नग चार’ असं स्वच्छ लिहिलेलं. तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं ‘काम’ असं आहे, पुढे रक्कम. उद्या इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला तर ‘काम’ म्हणजे काय ते मला नीट समजावता येणार नाही.

कळावे,
आपला,
बोलेरोमालकाचा मामा

ता. क. भाचा म्हणतो, पुढच्या डाव्या चाकाची हवा रोज थोडी उतरते. व्हॉल्व्ह नवा आहे. टायरही नवाच.