वाघ कवा पायला?

भंडाऱ्यात संध्याकाळी सातला माझा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो, मोठ्या माणसांचा. पहिल्या बाकावर पितळी भांड्यांचे दुकानदार काका. शेवटच्या बाकावर, दाराशी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जागा त्यांनी सवयीनेच निवडली. मध्ये मोहाडीकडच्या एक आजी. त्यांचा नातू मेलबर्नला. त्याला मराठी येत नाही, आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांकडे बघून नुसते हात हलवतात.

'आय ॲम', 'ही इज' बिनबोभाट पार पडलं. मग आला पूर्ण वर्तमानकाळ. मी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेला, नियम तोंडपाठ. आयुष्यात अमुक एक केलंय एवढंच सांगायचं, केव्हा ते सांगायचं नाही. 'केव्हा' आलं की 'हॅव सीन' बाद, तिथं 'सॉ'.

उदाहरण आपल्या मातीतलं हवं म्हणून फळ्यावर लिहिलं, 'हॅव यू एव्हर सीन अ टायगर?' इथंच घात झाला. एका बाजूला कोका अभयारण्य, पलीकडे नागझिरा. ज्याच्या नावावर एकही वाघ नाही असा माणूस या जिल्ह्यात शोधावा लागेल.

काका उठले. "येस सर, आय हॅव सीन... गोंदिया जिल्हा वेगळा झाला ना जी, त्या साली, साकोलीच्या रस्त्यानं..."

"काका, साल नको."

"साल कसं नको जी? साल नाही सांगतलं तं लोक म्हनतीन, गप्पा हाणते!"

खरंच होतं. १९९९ असा आकडा इथं फारसा कोणी उच्चारत नाही, पण गोंदिया वेगळा झाला ते साल सगळ्यांना ठाऊक. 'पुराच्या साली' म्हटलं की २०२० चा ऑगस्ट, वैनगंगा घराघरांत शिरली तो. लग्न धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या आधी, बाळंतपण धान कापणीत, भांडण बोडी, म्हणजे छोटं तळं, फुटली तेव्हाचं. आणि मी या लोकांना सांगत होतो, अनुभव सांगा, पण त्याचा दिवस घरी ठेवून या.

कंडक्टरांना सोपं विचारलं, 'हॅव यू एव्हर बीन टू नागपूर?' ते बोटं मोजू लागले. "दिवसाच्या दोन फेऱ्या, तीस साल... किती वेळा म्हनू जी?"

"फक्त 'येस, आय हॅव' म्हणा."

"साठ किलोमीटर जाऊन एवढंच? एवढ्यात तं टिकीट बी फाटत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आन् हे 'एव्हर' म्हंजे कवा?"

"कधीही."

"कधीही म्हंजे कवा?"

याचं उत्तर पाठमालेत नाही.

शेवटी दंड बसवला. काकांनी दुकानातून पितळी गडवा आणला. जो 'केव्हा' सांगेल त्याने एक रुपया टाकायचा. आठ वाजेपर्यंत आत तेवीस रुपये खणखणत होते. त्यातले तीन माझे, कारण "अहो, कालच सांगितलं ना!" हे मी तीनदा ओरडलो, आणि वर्गाने तिन्ही वेळा गडवा माझ्यापुढे धरला.

फक्त आजींचा रुपया पडला नाही. टायगर? "येस, आय हॅव." नागपूर? "येस, आय हॅव." मी सगळ्यांना म्हटलं, आजींसारखं बोला. काका त्या दिवशी जरा फुगूनच घरी गेले.

पुढच्या वर्गाला आजी सगळ्यांच्या आधी हजर.

"सर, नातवानं टायगरचंच इचारलं. मी म्हनलं, येस, आय हॅव. तं पोट्टा डोरे मोठे करून म्हनते, 'व्हेन?'"

वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी खडू शोधू लागलो.

"मंग तुम्ही काय म्हणालात, आजी?"

आजींनी पदराची गाठ सोडली, रुपया काढून गडव्यात टाकला आणि ताठ बसल्या.

"रोवणी टाईम, आय सॉ."