वारसनोंद : मौजे प्रीतिसंगम

दरवर्षी 12 मार्चला आणि 25 नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या वारसांची झुंबड उडते. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. वारसांना ते जमत नाही, म्हणून पोलीस त्यांना वेळा वाटून देतात. एकाचा ताफा हलला की दुसऱ्याचा शिरतो. आधीच्याचं पुष्पचक्र कार्यकर्ते अदबीनं बाजूला सरकवतात, फितीवरचं नाव झाकलं जाईल अशा बेतानं. नवे साहेब हात जोडून डोळे मिटतात आणि कॅमेरेवाल्यानं ‘झालं’ म्हटलं की उघडतात. मग चॅनेलवाल्यांना बाईट : यशवंतरावांच्या विचारांचे खरे वारसदार आम्हीच.

यशवंतराव आणि वेणूताईंना मूलबाळ नव्हतं. थेट वारस नाही म्हटल्यावर जमिनीचं जे होतं तेच विचारांचं झालं. सगळी भावकी गोळा झाली. तेव्हा एकदा सातबारा काढून बघितलेला बरा.

भोगवट्याची जमीन कसदार आहे, यात वाद नाही. देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातला हा पोर 1 मे 1960 ला महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. गरिबाच्या पोराला फी माफ झाली, सहकारी साखर कारखान्यांना बळ मिळालं, तर्कतीर्थांना बोलावून साहित्य संस्कृती मंडळ उभं राहिलं, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्याच वर्षी चीनच्या युद्धात नेहरूंनी बोलावलं आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी चारही मोठी खाती त्यांनी पाहिली. या रकान्यात नाव लावायला सगळेच वारस अंगठा पुढे करून उभे आहेत.

अडचण ‘इतर हक्क’च्या रकान्यात आहे. तिथं बोजे चढलेले आहेत.

पहिला बोजा 1956 चा. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर असताना यशवंतराव नेहरूंच्या बाजूला उभे राहिले. दुसरा 1969 चा. राष्ट्रपतिपदासाठी पक्षाच्या बैठकीत त्यांनी इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींच्या पारड्यात मत टाकलं आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिराबाईंच्याच बाजूला राहिले. तिसरा बोजा सगळ्यात जड, 1979 चा. विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. सरकार गेलं. तोवर राष्ट्रपती झालेल्या त्याच रेड्डींनी सरकार बनवायला पहिलं बोलावणं यशवंतरावांना धाडलं. बेरीज काही जमली नाही. मग 28 जुलैला ते चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले आणि 20 ऑगस्टला, लोकसभेचं तोंडही न पाहता, त्या सरकारनं राजीनामा दिला. पुढं इंदिरा काँग्रेसमध्ये स्वगृही परतायचं ठरवलं, तर कित्येक महिने उंबऱ्याबाहेर ताटकळावं लागलं. ज्यांना त्यांनी बोटाला धरून राजकारणात आणलं होतं, त्यांतले बहुतेक तेव्हा घरात आरामात बसले होते. अखेर पदरात पडलं ते आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद.

लोक त्यांना ‘कुंपणावरचे’ म्हणत. हा बोजा आपल्या नावावर घ्यायला एकही वारस तयार नाही. यशवंतराव मोठे खरे, पण निर्णय घ्यायला कचरायचे, असं ते खासगीत सांगतात. हे स्वतः मात्र कचरत नाहीत. कुंपण त्यांनी केव्हाच उपटून टाकलं आहे. संध्याकाळी अलीकडे, पहाटे पलीकडे, आणि उजाडायच्या आत शपथविधी. स्वगृही परतायलाही आता महिने लागत नाहीत. दुपारी उपरणं, रात्री उमेदवारी. ‘उप’पदाची चव मात्र वारशात नेमकी उतरली आहे. एका वेळी दोन-दोन उपमुख्यमंत्री, म्हणजे भावकीत भांडण नको.

आता पीकपाहणी. यशवंतरावांनी रुजवलेल्या जिल्हा परिषदांचं काय झालं? 2022 मध्ये मुदती संपल्या आणि बहुतेक जिल्हा परिषदा निवडणुकीविना वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात सत्तेत आलटून पालटून वारसच होते. पडीक जमिनीवर फुलं वाहायचा हा प्रकार जगात दुसरीकडे नसेल. प्रीतिसंगमावर मात्र एक पीक हमखास येतं : प्रायश्चित्त. 2013 मध्ये एका उपमुख्यमंत्र्यांनी आपल्या जिभेबद्दल इथंच दिवसभर आत्मक्लेश करून घेतला होता.

उरली जंगम मालमत्ता. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह कराडात वेणूताईंच्या स्मारकात आहे. त्यावर एकाही वारसानं दावा लावल्याचं ऐकिवात नाही. त्यांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ 1946 पाशी थांबतं, सत्तेची खुर्ची येते न येते तोच. मुंबईच्या समुद्राकाठचं आणि दिल्लीच्या यमुनेकाठचं लिहायचं राहून गेलं. ही वारसांना मोठीच सोय झाली. दिल्लीत कोण भेटायला यायचं बंद झालं होतं, हे छापून आलं असतं तर आजच्या निम्म्या पुष्पचक्रांची ऑर्डर रद्द झाली असती.

तरी वारसनोंद प्रलंबित आहे. नियमाप्रमाणे नोटीस चावडीवर लावली आहे. मतदारांपैकी कुणाची हरकत असल्यास ती निवडणुकीच्या दिवशी, ओळखपत्रासह, समक्ष नोंदवावी. मुदतीनंतर आलेल्या तक्रारीची दखल घेतली जाणार नाही.