झाडांनाही पिंजरे हवेत

मार्च सरत आला, की भायखळ्याच्या राणीच्या बागेबाहेरची रांग लांबू लागते. चौकोनी कुटुंबाला १०० रुपये हा पालिकेचा दर म्हणजे मुंबईतल्या उरल्यासुरल्या स्वस्ताईचा नमुना. त्यामुळे आई, बाबा, दोन मुलं, वेफर्सच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या असा लवाजमा तिकीटखिडकीवरून सुटतो, तो थेट पेंग्विनच्या दिशेनं. ऐन वसंतात या वाटेवर काय काय उभं असतं! सीता अशोक अंगभर शेंदरी झालेला असतो. कैलासपतीच्या थेट खोडातून फुलं फुटलेली असतात. उर्वशीच्या फांद्यांवरून हातभर लांब देठांना लाल फुलं लोंबत असतात, पाकळ्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका घेऊन. ही उर्वशी मूळची म्यानमारची, आणि जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत तिची गणना होते. आपलं कुटुंब तिच्याच सावलीत घाम पुसत उभं राहतं आणि रखवालदाराला विचारतं, 'पेंग्विन कुठल्या बाजूला?'

यात कुटुंबाचा काही दोष नाही. बघण्यासारखं काय आणि नुसतंच असलेलं काय, हे माणसाला पिंजरा सांगतो. जिथे गज, काच, पाटी आणि शिट्टी फुंकणारा रखवालदार असतो तिथे थांबायचं. बाकी सगळा रस्ता. पुरावा म्हणून पेंग्विनच घ्या. २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले आणि २०१७च्या मार्चमध्ये, म्हणजे वसंताचाच मुहूर्त साधून, त्यांचं दालन लोकांसाठी उघडलं. आत तापमान सोळा ते अठरा अंश. या जातीचा पेंग्विन बर्फात राहत नाही. तो पेरू आणि चिलीच्या खडकाळ, बऱ्याच ठिकाणी वाळवंटाला लागून असलेल्या किनाऱ्यावर राहतो, आणि थंडावा त्याला मिळतो तो समुद्राच्या गार प्रवाहाचा. पण काचेआड गारवा म्हटल्यावर आपण मनातल्या मनात बर्फ पसरून घेतो आणि 'बिचारे, अंटार्क्टिकाहून आणलेत' म्हणून हळहळतो. शिवाय बाहेर पस्तीस अंशांचं ऊन असताना त्या रांगेतले किती जण पक्ष्यासाठी उभे असतात आणि किती जण एसीसाठी, याची नोंद पालिका ठेवत नाही, हे बरंच आहे.

वास्तविक मुंबईत भूमिपुत्रांच्या हक्कासाठी केवढं रान पेटतं. राणीच्या बागेत भूमिपुत्र कोण, हा प्रश्न मात्र कुणी काढत नाही. बाग १८६२ साली उघडली ती झाडांची म्हणून. प्राण्यांसाठी जागा वाढवून घेतली ती १८९०च्या सुमारास. म्हणजे वाघ-हत्ती हे मागाहून आलेले पाहुणे. आता उर्वशी म्यानमारची आणि गोरखचिंच आफ्रिकेची, तेव्हा तीही परप्रांतीयच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मुळं रोवून, जागा न सोडता राहिल्याचा याहून पक्का डोमिसाइल दाखला या शहरात कुणाकडे आहे?

तेव्हा सूचना अशी, की बागेतल्या निवडक झाडांना पिंजरे घालावेत. उर्वशीभोवती काच, पुढे वळणावळणाची रांग, दाराशी वेगळं तिकीट, काचेवर 'टकटक करू नये' अशी पाटी, आणि कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळला की 'चला, पुढे चला' असा पुकारा. एवढं केलं, की हेच कुटुंब तिच्यासमोर चारही बाजूंनी सेल्फी काढील आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगेल, की आम्हाला फूल दिसलं बरं का, तुमच्या वेळी फुललं नव्हतं.

आक्षेप येणार, की झाडं हलत नाहीत, मुलं कंटाळतील. पण चैत्रातल्या दुपारी प्राणिसंग्रहालयात हलतं तरी कोण? वाघ सावलीत पाठ करून झोपलेला. मगर तर अशी पडलेली असते, की वनस्पतिशास्त्रानंच तिला ताब्यात घ्यावं. तरी मुलं तिच्यापुढे दहा दहा मिनिटं उभी राहतात, कारण ती कधीतरी हलेल असं बाबांनी सांगितलेलं असतं. ती हलेना, की बाबाच 'ए, ऊठ!' म्हणून ओरडतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे या सहलीत करमणूक म्हणून जे जे होतं, ते बहुतेक सगळं गुन्ह्यात मोडणारं. त्यापेक्षा पिंपळ बघा. चैत्रात त्याची तांबूस पालवी बघता बघता हिरवी होते आणि त्यासाठी त्याच्यावर ओरडावं लागत नाही.

दुसरा आक्षेप, झाडं रस्त्यावर फुकट दिसतात, त्यांच्यासाठी पैसे कोण देईल? उर्वशी रस्त्यावर दिसत नाही, हे एक. आणि जी दिसतात ती दिसतात कुठे? क्लासच्या जाहिरातीचे खिळे आणि दिव्यांच्या माळा यांच्यामागे कुठेतरी खोड असतं खरं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. झाडाला कोंडणं हे क्रौर्य नव्हे काय? आहे. पण ते आपण सुरू करायचं राहिलेलं नाही. बुंध्याला चहूबाजूंनी सिमेंट लिंपलेली झाडं, रोप असताना घातलेली लोखंडी जाळी वेळेवर न काढल्यामुळे तिच्या सळया सालीत रुतवून वाढलेली झाडं, हे पिंजरेच आहेत. फक्त प्रेक्षक नाहीत. पाटीही मिळते म्हणा. महाराष्ट्रात झाडांच्या जतनाचा कायदा १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. पण शहरातल्या सामान्य झाडाच्या खोडावर त्याचं नाव प्रथम झळकतं ते तोडण्याच्या नोटिशीवर. मग सकाळी फिरायला निघालेले लोक थांबतात, चष्मा वर करून वाचतात, आणि वीस वर्षं खालून जाताना न विचारलेला प्रश्न विचारतात, 'अरे, हे कसलं झाड होतं?' होतं! झाड अजून डोक्यावर उभं आहे. प्रेक्षक गोळा करायला नोटीस चालते, तर काच का चालू नये?

खर्चाचं म्हणाल, तर यंदाचा बहर हातचा गेलाच. निविदा निघेपर्यंत फुलं गळून जातील. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दालन उभं राहावं, अशी तरतूद आत्ताच करावी. उर्वशीला थंडी मानवत नाही, तेव्हा एसी काचेच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला बसवावा.