मिस जेनला मत कोण देणार?

उमेदवाराचं शिक्षण: पत्रकारितेची पदवी. नोकरी: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात अधिकारी. पक्षकार्य: 1952 साली अॅडलाय स्टीव्हन्सन यांच्या अध्यक्षीय प्रचारात काम. जन्म: पेनसिल्व्हेनिया राज्यातला, हॅरिसबर्गचा. एवढं परिचयपत्रक घेऊन कुणी आपल्याकडच्या पक्ष कार्यालयात गेलं, तर तिकीटवाटपाला बसलेले दादा कागद न उलटता विचारतील, "ते सगळं ठीक आहे हो, पण लोक ओळखतात का?"

नॅन्सी कल्प यांना लोक ओळखत होते. घोटाळा तिथेच झाला.

1962 ते 1971 अशी नऊ वर्षं सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर 'द बेव्हर्ली हिलबिलीज' नावाची विनोदी मालिका चालली. डोंगरातल्या एका गरीब कुटुंबाच्या जमिनीत तेल सापडतं, आणि ते बाडबिस्तरा खटाऱ्यावर लादून करोडपतींच्या वस्तीत राहायला येतं. घरातला कर्ता जेड क्लॅम्पेट म्हणजे अडाणी, पण शहाणा, सगळ्यांचं ऐकून घेणारा देवमाणूस. हे काम बडी एबसन यांनी केलं. कुटुंबाचा पैसा ज्या बँकेत, तिथल्या साहेबांची सेक्रेटरी मिस जेन हॅथवे म्हणजे नॅन्सी कल्प. उंच, किडकिडीत, शिकलेली, पक्षी बघत हिंडणारी, आणि क्लॅम्पेटांच्या घरातल्या दांडगट जेथ्रोवर जीव टाकणारी. साहेब लोभापायी काहीही हुकूम सोडणार आणि ही बिचारी 'चीफ, चीफ' करत तो निस्तरणार.

मालिका संपली. पुढे बाई पेनसिल्व्हेनियात परतल्या, आणि 1984 साली डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना प्रतिनिधीगृहाचं तिकीट दिलं. तेही बिनविरोध. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका अध्यक्षाने त्यांना तेव्हाच सावध केलं असतं. तिकिटासाठी मारामारी नाही, रुसवेफुगवे नाहीत, कुणी बंडखोरी केलेली नाही, म्हणजे जागा पडीक आहे! समोर होते रिपब्लिकन बड शुस्टर, 1973 पासून खुर्चीत बसलेले, रस्ते आणि पूल आणण्यात तरबेज.

आता खरी गंमत. निवडणूक रंगात आली असताना बडी एबसन यांनी शुस्टर यांच्या प्रचार कार्यालयात आपणहून फोन केला आणि रेडिओवरची जाहिरात करून द्यायची तयारी दाखवली. जाहिरातीचा मथितार्थ असा: नॅन्सी, तू मला फार प्रिय आहेस, पण तू माझ्या मानाने जरा जास्तच उदारमतवादी, तेव्हा माझा पाठिंबा शुस्टरना. एबसन राहायचे कॅलिफोर्नियात. या मतदारसंघात त्यांचं मत नव्हतं. पण रेडिओवर चेहरा दिसत नाही, नुसता आवाज येतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्वयंपाकघरांत जो आवाज घुमला तो एबसन नावाच्या गृहस्थांचा थोडाच होता? तो जेडकाकांचा होता. नऊ वर्षं जे कधी खोटं बोलले नाहीत, ते जेडकाका बँकेतल्या त्या बाईला मत देऊ नका म्हणत होते.

कल्प संतापल्या. सेटवरही दोघांचं राजकारणावरून जमत नव्हतंच. हा माणूस मालिकेतल्यासारखा प्रेमळ म्हातारा नव्हे, असं त्या सांगत राहिल्या. म्हणजे पाहा, स्वतःच्या प्रचाराचा वेळ दुसऱ्याची व्यक्तिरेखा खोटी ठरवण्यात गेला. आणि शेवटी लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा? लेखकांनी लिहून दिलेल्या देवमाणसावर, की त्याच्याशी भांडणाऱ्या सेक्रेटरीवर?

नटांनी राजकारणात पडू नये, असा काही अमेरिकन मतदारांचा बाणा नव्हता. मतदानाच्या त्याच दिवशी त्यांनी एका माजी नटाला 50 पैकी 49 राज्यं देऊन पुन्हा व्हाइट हाउसमध्ये पाठवलं. पेनसिल्व्हेनिया त्या 49 मध्ये होतं. पण रेगन पडद्यावर घोड्यावर बसले होते. टायपरायटरसमोर बसलेल्या नटीची गोष्ट वेगळी.

आपण या बाबतीत मनाने मोठे. 1991 साली भाजपच्या तिकिटावर गुजरातेतून टीव्हीवरची सीताही लोकसभेत गेली आणि रावणही. दीपिका चिखलिया बडोद्यातून, अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. मागचं कुणी काढलं नाही. अपहरणासारखा विषय पक्षशिस्तीपुढे किरकोळ ठरतो, हे मतदाराला कळतं. युक्रेनच्या वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी तर कुणाच्या भरवशावर न राहता मालिकेतच राष्ट्राध्यक्ष होऊन घेतलं. 'जनतेचा सेवक' हे मालिकेचं नाव पक्षाला दिलं आणि 2019 साली दुसऱ्या फेरीत 73 टक्के मतं घेतली. तेव्हा विनोदी मालिकेतल्या होतकरू मंडळींनी मानधनाआधी पात्राचा हुद्दा विचारून घ्यावा. शेजारी, मेव्हणा, सेक्रेटरी असली कामं सरळ नाकारावीत.

निकाल काय लागला? शुस्टर यांना सुमारे दोन तृतीयांश मतं. पुढे ते वाहतूक समितीचे अध्यक्ष झाले. पेनसिल्व्हेनियातल्या एका महामार्गाला त्यांचं नाव आहे. त्या महामार्गाचा 99 हा क्रमांक देशाच्या क्रमवारीत कुठेच बसत नव्हता, म्हणून तो 1995 च्या कायद्यातच लिहून घेतला गेला. 2000 साली प्रतिनिधीगृहाच्या नीतिसमितीने त्यांच्यावर लेखी ठपका ठेवला. 2001 च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली आणि त्या जागेवर कोण निवडून आलं हे मराठी वाचकाला सांगायला हवं का? चिरंजीव बिल. तेही पुढे त्याच वाहतूक समितीचे अध्यक्ष झाले आणि 2019 पर्यंत टिकले. 'बेव्हर्ली हिलबिलीज' नऊ वर्षांत गुंडाळली गेली. शुस्टर पितापुत्रांची मालिका एकाच जागेवर, तीच कथा घेऊन, तब्बल 46 वर्षं चालली.