जन्माचे माजी अध्यक्ष

रोटरी क्लबचा अध्यक्ष एका वर्षाचा. एक जुलैला गळ्यात कॉलर पडते, तीस जूनला उतरते. माजी अध्यक्ष मात्र जन्माचा. या पदाला निवडणूक लागत नाही, मुदत संपत नाही आणि राजीनामा द्यायचा म्हटला तरी तो घ्यायला कुणी बसलेलं नाही. पत्रिकेत नावाआधी 'पीपी' लागतं, म्हणजे पास्ट प्रेसिडेंट, आणि ते थेट श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत सोबत करतं.

आमच्या साताऱ्याचे पीपी पासष्टीच्या पुढचे. पोवई नाक्याजवळ पंप आणि पाइपांचं दुकान, ते आता मुलगा बघतो. म्हणजे वडील दुकानात नसतात तेवढा वेळ त्याला बघता येतं, आणि वडील सहसा नसतातच. अंगावर निळा ब्लेझर, तोही मे महिन्यात. कॉलरपाशी पिनांची रांग: चक्राची, पोलिओची, पॉल हॅरिस फेलोची. ही शेवटची पीन रोटरीच्या फाउंडेशनला हजार डॉलर दिल्यावर मिळते. रुपया किती घसरला हे पीपी पेपर वाचून सांगत नाहीत. आपण पीन घेतली तेव्हा केवढ्याला पडली आणि आज नव्या मेंबरला केवढ्याला पडते, यावरून सांगतात.

रोटरीचा इतिहास त्यांना घराण्याच्या वंशावळीसारखा पाठ. २३ फेब्रुवारी १९०५, शिकागो. पॉल हॅरिस हा वकील आणि त्याच्याबरोबर तिघं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर, एक शिंपी. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको, असा तेव्हाचा दंडक. तो साताऱ्यात आला आणि डॉक्टर मंडळींपाशी अडला. दवाखाने गल्लोगल्ली, जागा एकच. मग पीपींनी तोड काढली. एकाला फिजिशियन म्हणून घेतलं, एकाला हाडांचा, एकाला बालकांचा. कान-नाक-घशाचे दोघे इच्छुक निघाले तेव्हा एकाला कान आणि दुसऱ्याला नाक-घसा द्यावं का, यावर बोर्ड मीटिंग रात्री साडेअकरापर्यंत चालली होती, असं सांगतात. सांगतात पीपीच, तेव्हा थोडं वजा करून घ्यावं.

त्यांचा खरा विसावा म्हणजे मेकअप. आपल्या क्लबची मीटिंग चुकली तर जगातल्या कुठल्याही क्लबमध्ये जाऊन हजेरी भरून काढायची, याला रोटरीत हे नाव आहे. घरात नवी सून आली त्या आठवड्यात सासूबाईंनी "हे सांगलीला मेकअपला गेलेत" असं सहज सांगितल्यावर ती बिचारी बराच वेळ गप्प होती. बाकीचे सभासद मेकअप नाइलाजाने करतात. पीपी वारीला निघावं तसे निघतात: उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आणि तिथून पुढे हाडं मोजून घेणारा सांगली रस्ता. स्वतःची गुरुवारची मीटिंग त्यांनी कधी चुकवलेली नाही, म्हणजे भरून काढायला काहीच नसतं. "ॲडव्हान्समध्ये करून ठेवतो," म्हणतात.

सांगलीला त्यांचा जोडीदार आहे. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तेही पीपी. रोटरीच्या नकाशात दोघांचे प्रांत, म्हणजे डिस्ट्रिक्ट, वेगळे. सातारा ३१३२ मध्ये, सोलापूर-नगरच्या पंगतीला. सांगली ३१७० मध्ये, कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या बाजूला. महाबळेश्वरात उगम पावून मुकाट्याने सांगलीला जाणाऱ्या कृष्णेला हे अजून कुणी कळवलेलं नाही. दोघे भेटले की पहिली पाच मिनिटं ठरलेली. सातारकर म्हणणार, "आम्ही राजधानीची माणसं." सांगलीकर म्हणणार, "असाल. पण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं ते सांगलीत. तुमच्याकडे तेव्हा पडदा होता का?" या नाट्यपरंपरेचा परिणाम असा, की सांगलीच्या क्लबात पाहुण्यांचा परिचय नांदीने सुरू होतो, आणि पाहुण्यांचा प्रवेश तिसऱ्या अंकात.

पाहुणा वक्ता हे पीपींचं खास खातं. अध्यक्ष कुणीही असो, वक्ते पीपी आणणार. वर्षाला बावन्न गुरुवार. दिवाळी-गणपतीचे वजा केले तरी चाळीसच्या वर तोंडं लागतात. त्यांच्याकडे एक डायरी आहे. तिच्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला बोलू शकणारा प्रत्येक माणूस विषयवार लावलेला आहे: गड-किल्ले, बिबट्या, मधुमेह, म्युच्युअल फंड, तणावमुक्ती, ऊस. मिरजेत डॉक्टर उदंड, तेव्हा आरोग्य तिकडून येतं. बढतीवर आलेला अधिकारी साताऱ्यात सामान उतरवतोय तोवर पीपींचा फोन जातो. एका साहेबांनी चार्ज घ्यायच्या आधी क्लबात भाषण दिलं होतं.

वक्त्याला वेळ वीस मिनिटं. तो बोलायला उभा राहण्यापूर्वी घंटा, प्रार्थना, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरीची निवेदनं आणि परिचय. परिचय पीपींचाच. एकदा कासच्या फुलांवर बोलायला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आले होते. लॅपटॉप प्रोजेक्टरला लागेना. सगळे वायरीशी झटत असताना सभा रिकामी बसू नये म्हणून पीपींनी माइक घेतला. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. पठारावर साडेआठशेच्या आसपास प्रजाती. खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, म्हणून झाडं वाढत नाहीत आणि फुलांना रान मोकळं मिळतं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. कास तलावाचं पाणी आपण पितो. चित्र पडद्यावर आलं तेव्हा प्राध्यापकांकडे सांगायला उरली होती ती शेवटची 'धन्यवाद' असं लिहिलेली स्लाइड. तीही पीपींनीच वाचली.

मधुमेहाचे डॉक्टर आले त्या दिवशी आठवण म्हणून अर्धा किलो कंदी पेढे दिले. डॉक्टर हसले तर पीपी गंभीरपणे म्हणाले, "कंदीला साखर कमी असते डॉक्टर. म्हणून तर खास आणले." हे खरंही आहे, साताऱ्याच्या पेढ्याची कीर्ती गोडीपेक्षा भाजलेल्या खव्यावर उभी आहे. डॉक्टरांनी पुडा उघडून एक तिथेच खाल्ला. पुढच्या पंधरवड्यात क्लबातल्या सर्व मधुमेही सभासदांनी त्या पेढ्याचा हवाला घरी दिला.

क्लबच्या भिंतीवर चार प्रश्नांची कसोटी टांगलेली असते: जे बोलतो-करतो ते खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्यातून स्नेह वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का. हर्बर्ट टेलर या गृहस्थाने १९३२ साली ती लिहिली, दिवाळ्याच्या उंबरठ्यावरची एक ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरण्यासाठी. पीपी वक्त्यासाठी मनातल्या मनात पाचवा प्रश्न घालतात: आठ पन्नासला संपेल का? संपलं नाही तर घंटा. समोर कोण उभं आहे हे ती घंटा बघत नाही.

आता प्रकल्प. शिकागोच्या मंडळींनी समाजासाठी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम म्हणजे सार्वजनिक शौचालयं. १९०७ सालापासून त्यांनी शहराच्या मागे लागून ती करून घेतली. झेडपीच्या शाळेत मुलींसाठी शौचालय झालं की पीपी हा इतिहास सांगतातच, आणि पोरी तोंडावर ओढणी धरून हसतात. शौचालय नेटकं असतं, पाणी असतं, कडी लागते. यात पीपी तडजोड करत नाहीत, कारण पाइप त्यांचेच. फलकाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात मोकळा आहे. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, देणगीदार, देणगीदाराचे वडील. बागेत दिलेल्या बाकड्यांच्या पाठीवर इतकी नावं कोरली, की टेकून बसलेला माणूस उठतो तेव्हा शर्टावर अख्खं कार्यकारी मंडळ उमटलेलं असतं.

माण तालुक्यातल्या एका शाळेत हात धुण्याचं स्टेशन बांधलं होतं, तिथे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, म्हणजे रोटरीच्या प्रांताचे प्रमुख, भेट देणार होते. पीपींनी मुख्याध्यापकांना फोनवर एवढंच सांगितलं, "गव्हर्नर येतायत, तयारी ठेवा." मुख्याध्यापकांनी ठेवली. आम्ही पोचलो तेव्हा लेझीम पथक उभं, सरपंच फेट्यात, तलाठी हजर, आणि दोन हवालदार रस्त्यावरची शेरडं हाकत होते. फळ्यावर रंगीत खडूने 'महामहिम राज्यपाल महोदयांचे स्वागत'. गाडीतून उतरले ते कापडाचे व्यापारी. गोष्ट उलगडायला पाच मिनिटं लागली. हवालदार तेवढ्यात निघून गेले. गव्हर्नर साहेब भला माणूस, त्यांनी लेझीम पूर्ण पाहिली. पीपी परतीच्या वाटेवर म्हणाले, "काही म्हणा, आजवर असं स्वागत कुठल्या क्लबने केलं नसेल."

पोलिओच्या रविवारी हेच पीपी सातारा एसटी स्टँडवर लसीचा डबा गळ्यात अडकवून उभे असत. बसमध्ये चढायचं, पाच वर्षांच्या आतलं पोर हेरायचं, दोन थेंब, करंगळीला शाई. एकदा मागच्या सीटवरचं पोर तोंडच उघडेना. त्याची समजूत काढेपर्यंत कंडक्टरने डबल बेल दिली आणि पीपी थेट नागठाण्याला उतरले. तिथे थांबलेल्या दोन पोरांना डोस देऊनच परतले. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याजवळचा; भारत पोलिओमुक्त जाहीर झाला २७ मार्च २०१४ रोजी. ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेहून पक्की पाठ. वहिनींनी हे दोनदा सिद्ध करून दाखवलं आहे.

सांगलीच्या जोडीदाराने कृत्रिम हातांचं शिबिर लावलं तेव्हा मीही गेलो होतो. एलएन-४ नावाचा हलका प्लास्टिकचा हात असतो, वीज नाही, बॅटरी नाही, बसवायला काही मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या एका डिझायनरने अपघातात गेलेल्या आपल्या एलन या मुलीच्या स्मरणार्थ तो बनवला, आणि रोटरीवाले तो फुकट वाटतात. कोपराखाली हाताची पुरेशी लांबी शिल्लक असेल तर बसतो. आपल्या भागात हात जातात ते बहुतेक कडबाकुट्टीत आणि मळणी यंत्रात. रांगेत जतकडचे एक म्हातारबा होते. पीपींनी स्वतः पट्टे आवळले, बोटं कशी सरकवून अडकवायची ते दाखवलं आणि फोटोसाठी पेन पुढे केलं. "सही करा बाबा." म्हातारबांनी पेन धरलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. मग धड हाताने कोपरीच्या खिशातून पुडी काढली, तळव्यावर तंबाखू घेतली आणि नव्या हाताच्या अंगठ्याने रगडायला लागले. दोनदा सांडली. तिसऱ्यांदा जमली. "तीन वर्सं झाली, सून मळून देती," म्हणाले. "नुस्ती बोलती त्यापायी." नेमका त्याच वेळी व्यासपीठावर एक पाहुणे व्यसनमुक्तीवर बोलत होते. फोटोग्राफरने तो क्षण टिपला. शिबिराचा सर्वांत झकास फोटो तोच, पण तो डिस्ट्रिक्टला पाठवता येईना. दोन्ही पीपींनी तो आपापल्या पाकिटात ठेवला आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फूट ओलांडले. धोक्याची पातळी पंचेचाळीस. साताऱ्यात पीपींनी ट्रक ठरवला, बॅनर छापायला टाकला आणि मग सांगलीला फोन केला, काय भरू म्हणून. पलीकडून अडते ओरडले, "साड्या नकोत. बिस्किटांचे डोंगर झालेत. खराटे पाठव, फावडी पाठव, फिनेल पाठव. आणि तू पंपवाला ना लेका? मग पंप पाठव की!" त्या आठवड्यात पीपी प्रथमच सलग दुकानात दिसले. हरभट रोड, गणपती पेठ, सगळीकडे तळघरं भरलेली, वीज बंद. लागणार ते डिझेल इंजिनवाले पंप. मुलाने हिशेब पुढे केला तर म्हणाले, "नंतर बघू." मुलाने मग निदान दुकानाचे स्टिकर तरी पंपांवर लावले. पीपींनी ते नखाने काढून क्लबचे लावले. खराट्याच्या दांड्यावर स्टिकर चिकटत नाही, त्याचं वाईट वाटून घेतलं आणि सुतळीने पुठ्ठे बांधले. सगळे पंप परत आले नाहीत. एक आला त्यावर सांगलीच्या क्लबचं नाव ऑइलपेंटने घातलेलं होतं. तो आजही दुकानात आहे, विकायचा नाही असं मुलाला बजावलेलं आहे.

पाणी ओसरल्यावर सांगलीच्या क्लबने साताऱ्याच्या पीपींना पाहुणा वक्ता म्हणून बोलावलं. विषय, 'पूर आणि आपण'. इतकी वर्षं दुसऱ्यांचे परिचय करून दिलेल्या माणसाला पहिल्यांदाच वीस मिनिटं मिळणार होती. त्यांनी भाषण लिहून काढलं, वहिनींना ऐकवलं, मला ऐकवलं. परिचय करायला अर्थातच हळदीचे अडते उभे राहिले. त्यांनी पीपींच्या प्राथमिक शाळेपासून सुरुवात केली. चौथीत वर्गात पहिले आल्यावर थोडे विसावले. मग दुकान, दुकानाची पहिली जागा, दुसरी जागा, क्लब, अध्यक्षपद, पोलिओ, नागठाणे, महामहिम राज्यपाल, पंप. लोक पोट धरून हसत होते, पीपी स्वतः डोळे पुसत होते. आठ अठ्ठेचाळीसला अडते म्हणाले, "आता मी माझे दोन शब्द आवरते घेतो." पीपी उठले, कागद उघडला, चष्मा लावला, "अध्यक्ष महाराज" एवढं म्हणाले आणि घंटा वाजली.

रात्री उशिरा आम्ही परत निघालो. मांडीवर शाल, नारळ आणि भडंगाची पिशवी. पेठ नाका येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कार्यक्रम उत्तम झाला. वेळेत संपला."