माथेरान फायनल, सुधारित

कुटुंबाच्या सहलीचं नियोजन सहल नीट पार पडावी म्हणून करतात, असं बाहेरच्यांना वाटतं. घरातल्यांना खरं कारण माहीत असतं. पुढे जे काही बिघडणार आहे ते कुणाच्या नावावर टाकायचं, याची वाटणी आधीच करून ठेवावी लागते. खोलीत डास निघाले, तर खोली कुणी निवडली? पोराला गाडी लागली, तर निघताना त्याला वडा कुणी दिला? या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस तयार नसेल, तर चार दिवस एका खोलीत सहा-आठ जणांनी करायचं काय?

म्हणूनच आमच्याकडे कुणीही पहिल्यांदा गावाचं नाव घेत नाही. "मला काय, कुठंही चालेल," असं म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. जो गावाचं नाव घेईल, सहल त्याच्या गळ्यात पडते. मार्चअखेर मुलांच्या परीक्षा आटोपत आल्या, की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मग यंदा काय?' एवढाच निरोप येतो आणि त्यावर सगळे हात जोडल्याची चित्रं पाठवतात.

शेवटी भावजींच्या तोंडून महाबळेश्वर निघालं. धाकट्या माणसाला अनुभव कमी असतो. लगेच त्यांच्यावर चहूबाजूंनी चौकशी बसली. पहिली हरकत त्यांच्याच बायकोची. त्यांच्या जुळ्यांना पसरणीचा घाट सोसत नाही. एकाला तिसऱ्या वळणावर मळमळतं, दुसऱ्याला पहिल्याचं बघून. दुसरी हरकत माझ्या लेकीची. स्ट्रॉबेरी शेतातून स्वतः तोडायला मिळणार का? मे महिन्यात स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला असतो, हे सहा वर्षांच्या मुलीला समजावणं अवघड आहे. तिच्या मते स्ट्रॉबेरी आइस्क्रीममध्ये बाराही महिने असते. तरी भावजींनी आर्थर सीटचा हुकमी पत्ता टाकला. तिथं कड्यावरून हलकी वस्तू फेकली, की दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यानं ती परत वर येते. हे ऐकून जुळ्यांनी वही काढली आणि काय काय फेकून बघायचं त्याची यादी करायला घेतली. यादीत माझ्या लेकीची बाहुली दुसऱ्या क्रमांकावर होती आणि चौथ्यावर आजीचा चष्मा. महाबळेश्वर तिथंच बाद झालं.

मग सासूबाईंनी चिखलदऱ्याचं नाव काढलं. त्यांना तिथलं भीमकुंड बघायचं होतं. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि त्याच कुंडात हात धुतले, अशी कथा त्यांनी रंगवून सांगितली. माझा तेरा वर्षांचा मुलगा कौटुंबिक बैठकीत कानात इअरफोनची बोंडं घालून बसतो. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा एका कानातलं काढलं आणि विचारलं, "म्हणजे हाडं वगैरे अजून आहेत का?" पण डोंबिवलीहून चिखलदरा म्हणजे रात्रभर गाडी, मग अमरावतीकडून पुढे घाट, आणि घाट म्हटलं की जुळे. लोणावळा कुणी काढलंच नाही. लोणावळ्याला आमच्याकडे थंड हवेचं ठिकाण धरत नाहीत. पुण्याला जाताना चिक्की घ्यायची जागा, एवढाच त्याचा मान.

राहिलं माथेरान. त्याचं नाव नेमकं कुणी घेतलं यावर आजही एकमत नाही, आणि कुणी पुढे येऊन ते कबूल करेल असंही वाटत नाही.

पण एकदा ठरल्यावर प्रत्येकाला त्यात आपापला फायदा दिसला. गावात मोटारी नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची, तिथून पुढे पाय, घोडा किंवा अमन लॉजहून सुटणारी छोटी गाडी. हल्ली ई-रिक्षाही आल्या आहेत. जाऊबाईंना वाटलं, मोटारी नाहीत म्हणजे पोरांना मोकळं सोडता येईल. माझ्या नवऱ्याला वाटलं, म्हणजे आपल्याला गाडी चालवावी लागणार नाही. सासूबाईंना पिसरनाथाचं दर्शन घ्यायचं होतं. मुलाला इंटरनेट येतं की नाही एवढंच हवं होतं. लेकीला घोडा हवा होता, आणि तो घरी आणायचा होता.

डोंबिवली ते नेरळ म्हणजे कर्जत लोकलनं पाऊण तास, फार तर एक तास. एवढ्याशा प्रवासासाठी माझ्या नवऱ्यानं जो तक्ता केला, तेवढ्यात चारधाम यात्रा उरकली असती. तो कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे, त्यामुळे घरातही त्याला कुठलीही गोष्ट रकान्यांत घातल्याशिवाय दिसत नाही. तक्त्याला वेळ, ठिकाण, जबाबदार व्यक्ती आणि शेरा असे रकाने होते. फाइलचं नाव 'माथेरान फायनल'. मग 'माथेरान फायनल नवीन'. मग 'माथेरान फायनल नवीन सुधारित, हीच धरा'. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात त्याचं नाव एकदाच होतं, 'सूर्यास्त, पॉर्क्युपाइन पॉइंट' या ओळीत. सूर्यास्त चुकण्याची शक्यता त्यानं हिशेबात घेतली होती. लघवी, पाणी, उलटी, दप्तरातली औषधं आणि ओले टॉवेल या ओळी माझ्याकडे.

खरं सांगायचं तर माथेरानला तक्ता करायला फार वाव नाही. तिथं तीसेक पॉइंट आहेत आणि प्रत्येक पॉइंटवर एक दरी आहे. पॅनोरमा, लुइसा, इको, अलेक्झांडर, गारबट, वन ट्री हिल, सगळीकडे माणसं रेलिंगपाशी उभी राहून तीच हवा वेगवेगळ्या बाजूंनी खातात. मोठ्यांना त्यात फरक दिसतो. लुइसावरून समोर प्रबळगड दिसतो, म्हणून नवरा तिथं गेल्यावर हमखास इतिहास सांगतो. मुलांना फरक दिसत नाही. "ही कालचीच दरी आहे," असं लेकीनं दुसऱ्याच पॉइंटवर जाहीर केलं. इको पॉइंट मात्र चालला, कारण तिथं ओरडायची परवानगी असते. जुळ्यांनी तिथं एकमेकांची नावं घेऊन इतक्या शिव्या दिल्या, की समोरच्या डोंगरानंही त्या नीट उच्चारून परत केल्या. जाऊबाई शेजारच्या कुटुंबाकडे बघून हसत राहिल्या, जणू हे डोंगराचंच चुकतंय.

हॉटेलचं बुकिंग हे सबंध नियोजनातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. माथेरानला बरीच हॉटेलं माणशी दर लावतात, चहा-नाश्ता-जेवणासकट. गुजराती पद्धतीचं जेवण, डाळ गोड, भाजी गोड, आणि गोड म्हणून वेगळं गोड. मुलांच्या वयाप्रमाणे दर बदलतो. पाच वर्षांखाली फुकट, पुढे अर्धा, त्यापुढे पूर्ण. हा नियम ज्यानं केला त्यानं भारतातल्या बापांची परीक्षा घ्यायची ठरवलं असावं. नवऱ्यानं फोनवर लेकीचं वय "पाचच्या आसपास" असं सांगितलं. रिसेप्शनवरच्या माणसानं तिला नुसतं "बेटा, तुझं नाव काय?" असं विचारलं, तर तिनं नाव, इयत्ता, जन्मतारीख आणि "मी सहा पूर्ण आहे, गेल्या वाढदिवसाला केक पडला होता" एवढं सगळं एका दमात सांगितलं. त्या माणसानं बिल बदलताना चेहरा अगदी निर्विकार ठेवला. त्याचं हे रोजचंच असणार.

जाताना गाडीनं दस्तुरीपर्यंत चढायचं की नेरळहून टॉय ट्रेननं, यावर एक रविवार गेला. आमचं मत टॉय ट्रेनच्या बाजूनं पडलं. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटरची वाट, जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी स्टेशनं. वॉटर पाइप नावाचं स्टेशन असतं हे कळल्यावर जुळ्यांनी पुढचे आठ दिवस घरातल्या प्रत्येक नळाला स्टेशन मास्तर नेमला. नवऱ्यानं या निमित्तानं मुलांना माहिती दिली, की ही रेल्वे १९०७ साली सुरू झाली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली आणि तिचा सोळा लाखांचा खर्च त्यांचे वडील सर आदमजी यांनी केला. म्हणजे माथेरानला मुलांची हौस आणि बापाचे पैसे ही रीत तेव्हापासूनची. नवऱ्याला हे तिकीट काढताना सुचलं, आणि तो त्या दिवशी जरा गप्पच होता.

ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर १८५० च्या मे महिन्यात चौक गावाकडून हा डोंगर चढला आणि त्यानं माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आणलं, हेही नवऱ्यानं सांगितलं. मॅलेटबरोबर पोरं नसणार, हे सांगायला इतिहासकार नको. पोरं असती तर पहिल्या चढावरच कुणाला तरी शू आली असती, दुसऱ्यावर कुणाची चप्पल तुटली असती, आणि माथेरान अजून अज्ञातच राहिलं असतं.

सामान ही सासूबाईंची स्वतंत्र रियासत. नवऱ्याच्या तक्त्यात 'खाणे: थोडे' अशी ओळ होती. त्या ओळीतून दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, चकल्या, बेसनाचे लाडू, आणि हॉटेलात भात मऊ करत नसतील तर असावा म्हणून छोटा कुकर, एवढं बाहेर आलं. "आई, जेवण पैशात धरलंय," असं नवरा म्हणाला. "धरलं असेल, पण पोटात नको का जायला?" असं त्यांनी उत्तर दिलं. कुकर मी शेवटच्या क्षणी पलंगाखाली सरकवला. शिट्टी मात्र त्यांच्या पिशवीत गेलीच, आणि चार दिवस ती कधी वाजेल या आशेनं जुळे त्या पिशवीमागे फिरत होते.

माथेरानच्या वाटेवर माती लाल असते, जांभ्या दगडाची. दुसऱ्या दिवशी आमचे मोजे, पँटा, टॉवेल, हॉटेलची चादर आणि लेकीचा कान हे सगळं एकाच रंगाचं झालं होतं. जाऊबाईंनी पोरांसाठी नवे पांढरे बूट घेतले होते. कुणी सुचवले, हा विषय अजून उघडा आहे.

आणि माकडं. त्यांच्याबद्दल सगळ्यांनी बजावलं होतं, पिशवी कुरकुरली की येतात. सासूबाईंनी चकल्या साडीच्या घोळात लपवल्या. मुलांनी चिप्स हॉटेलातच संपवले. नवऱ्यानं मात्र तक्त्याची छापील प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून हातात धरली होती, पावसापासून सुरक्षित म्हणून, मे महिन्यात. बाजारातल्या वळणावर एक लाल तोंडाचं माकड आलं, फोल्डर घेतलं आणि समोरच्या कौलांवर जाऊन बसलं. पान काढून त्यानं नीट बघितलं. उलटं करून बघितलं. बोटानं रकाने चाचपले, वास घेतला, आणि सोडून दिलं. घरात तो तक्ता इतक्या बारकाईनं कुणीच वाचला नव्हता.

तिथून पुढे काय करायचं हे मुलं ठरवायला लागली. चिक्कीच्या दुकानांत नमुने फुकट मिळतात, म्हणून दुकानांची फेरी. मग चपलांची दुकानं. मग घोडे. जुळ्यांना एकाच रंगाचे घोडे हवे होते, नंतर वेगळ्या रंगाचे, नंतर बदलून. घोडेवाल्यानं भाव सांगितला तो ऐकून भावजी खाली बसले. ते मोबाइलवर सवलतीची कूपनं शोधण्यात तरबेज आहेत, पण घोड्याला कूपन लागू होत नाही. माझा मुलगा या सगळ्यापासून दहा पावलं मागे, आपण यांच्यातले नाही अशा बेतानं चालत होता. रात्री त्यानं विचारलं, "परत कधी जायचं?" पहिल्याच दिवशी.

'पहाटे साडेपाच, पॅनोरमा पॉइंट, सूर्योदय' ही ओळ माकडाच्या पंज्यातून वाचली होती, कारण नवऱ्याला ती पाठ होती. गजर झाला, त्यानं तो बंद केला, आणि सूर्य आपापला उगवला. आठला आम्ही उठलो तेव्हा सासूबाईंची गादी रिकामी होती. जाऊबाईंच्या पोटात गोळा आला. भावजी पायजम्यावरच रिसेप्शनकडे धावले. तेवढ्यात फाटकातून एक तपकिरी घोडा आत आला. त्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून सासूबाई बसल्या होत्या, हातात पिसरनाथाचा प्रसाद. लगाम माझ्या मुलाच्या हातात होता. आमचा मुलगा, सकाळी आठ वाजता, उभा आणि चालता.

"तुम्ही झोपला होतात म्हणून याला उठवून नेलं," सासूबाई उतरता उतरता म्हणाल्या. "हा घोडेवाला बिचारा खालून नेरळवरून येतो. तीन मुली आहेत त्याला. धाकटी दहावीला बसलीय, गणित अवघड जातं म्हणे. मी त्याला म्हटलं, तुझा सांगितलेला भाव परक्यांसाठी, मी तुला आईसारखी. अर्ध्यात झालं."

भावजींनी नुसता आवंढा गिळला.

"आणि उद्यापासून हा सकाळी त्याच्याकडे जाणार," त्यांनी नातवाच्या पाठीवर थाप मारली. "घोडा धुवायला शिकवतो म्हणालाय."

मुलगा चक्क हसत होता. कानात काही नव्हतं. नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं, खिशातून मोबाइल काढला आणि फाइल उघडली.

"घोडा धुणे," तो टाइप करत म्हणाला. "किती ते किती? आणि जबाबदार व्यक्ती कोण लावू?"